वेग आणि विराम

एखादी सुरेख मोटार रस्त्याने वाऱ्यासारखी निघून गेली असता मान वळवून तिच्याकडे पाहणार नाही असा विद्यार्थी विरळाच. वेगाचे हे आकर्षण मनुष्यजातीला फार पुरातन काळापासून आहे. घोडा माणसाळला, चाक सापडले, दोहोंच्या संयोगाने रथ सिद्ध झाला, आणि ‘तुझा रथ पुढे की माझा?’ हा प्रश्नही बहुधा त्याच दिवशी जन्मास आला असावा. आपल्यापैकी ज्यांची मुळे खानदेशात किंवा विदर्भात आहेत त्यांनी शंकरपटाविषयी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेलच. बैलांच्या जागी इंजिन आले, लाकडी चाकाच्या जागी रबरी टायर आला, परंतु मनाची ओढ तीच राहिली. मोटारशर्यत हे त्या जुन्या ओढीचेच यंत्रयुगातील रूप होय.

या शर्यतीविषयी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. ज्याचे इंजिन अधिक बलवान आणि ज्याची छाती अधिक निधडी, तो जिंकावयाचा, असे आपण धरून चालतो. इंजिनाचे बळ व चालकाचे धैर्य यांचे महत्त्व कोणीच नाकारणार नाही. परंतु मोटारशर्यतींचा इतिहास जरा लक्षपूर्वक वाचला की एक निराळीच गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. वेग वाढविणाऱ्या शोधांइतकेच वेग आवरणाऱ्या शोधांनीही येथे विजय मिळवून दिले आहेत. आणि ज्याला केव्हा, कोठे व किती थांबावे हे कळते, तोच येथे दीर्घकाळ टिकतो. ही गोष्ट इतिहासाच्या, गणिताच्या आणि आपल्या नित्याच्या व्यवहाराच्या आधारे पाहण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे.

पहिला आला, पण पहिला ठरला नाही

मोटारींची पहिली महत्त्वाची स्पर्धा २२ जुलै १८९४ रोजी फ्रान्समध्ये झाली. पॅरिस शहरातील ‘ल पती जुर्नाल’ या वृत्तपत्राने घोड्यावाचून चालणाऱ्या गाड्यांसाठी पॅरिस ते रुआं हा १२६ किलोमीटरांचा मार्ग ठरवून दिला. काउंट द दियों हा गृहस्थ आपल्या वाफेच्या गाडीतून सर्वांच्या आधी रुआं येथे पोहोचला. त्याचा सरासरी वेग होता ताशी अवघा १९ किलोमीटर. म्हणजे आपल्याकडील एखादा तरतरीत सायकलस्वार त्याला सहज गाठू शकला असता! तथापि पहिले बक्षीस काही त्याला मिळाले नाही. गाडी धोकादायक नसावी, चालविण्यास सोपी असावी आणि प्रवासाला खर्च थोडा यावा, अशा संयोजकांच्या अटी होत्या. द दियोंच्या गाडीला भट्टीत कोळसा घालण्यासाठी एक निराळा मनुष्य लागत असे. म्हणून पहिले बक्षीस पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या बांधणाऱ्या पझो आणि पानार-लव्हासोर या दोन कारखान्यांत वाटून देण्यात आले. मोटारस्पर्धांच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर नुसत्या वेगापेक्षा सुरक्षिततेला आणि सोयीला अधिक मान मिळालेला आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढील काळात हा धडा लोक विसरले. गाड्यांचा वेग झपाट्याने वाढला. परंतु शर्यती होत होत्या त्या मात्र नेहमीच्याच रस्त्यांवर. त्याचे भयंकर फळ मे १९०३ मधील पॅरिस–माद्रिद शर्यतीत भोगावे लागले. धुळीने भरलेले रस्ते, दोहों बाजूंना उसळलेली गर्दी, मध्येच आडवी येणारी माणसे व जनावरे, आणि त्यांतून ताशी १०० किलोमीटरांच्या पुढे धावणाऱ्या मोटारी! चालक, त्यांचे साहाय्यक व प्रेक्षक यांपैकी कित्येकजण प्राणास मुकले. प्रख्यात रेनो कारखान्याच्या संस्थापक बंधूंपैकी मार्सेल रेनो हा त्यांतलाच एक. बोर्दो शहरी पोहोचताच फ्रेंच सरकारने ती शर्यत बंद पाडली. माद्रिद दूरच राहिले.

शर्यतीला तिचा स्वतःचा मार्ग असला पाहिजे आणि तो लोकांच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यापासून अलग असला पाहिजे, हा विचार या अनर्थानंतर बळावला. इंग्लंडात १९०७ साली ब्रुकलँड्स येथे खास शर्यतीसाठी बांधलेला पथ खुला झाला. आपल्या देशातही हाच मार्ग अनुसरला गेला. मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक धावपट्टी होती. युद्धानंतर तिच्यावर विमानांऐवजी मोटारी धावू लागल्या. मुंबईच्या जुहू विमानतळावरही स्वातंत्र्योत्तर काळात अशा शर्यती झाल्या. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब ही संस्था १९५३ साली स्थापन झाली आणि १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टै येथे तिने स्वतःचा पथ उभारला. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील ५.१२५ किलोमीटर लांबीच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय पथावर २०११, २०१२ आणि २०१३ या तीन वर्षी फॉर्म्युला १ ची इंडियन ग्रां प्री झाली, व तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटेल विजयी झाला. ऑगस्ट २०२४ अखेरीस चेन्नई शहराच्या रस्त्यांवर रात्रीच्या प्रकाशझोतांत शर्यती झाल्या, पण त्याही रस्ते पूर्णपणे बंद करून आणि दोहों बाजूंना भक्कम कठडे उभारूनच.

दुप्पट वेग, चौपट भार

आता थोडे गणिताकडे वळू. हालत्या वस्तूच्या अंगी जी ऊर्जा असते तिला गतिज ऊर्जा म्हणतात, हे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. ती वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. परंतु वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते, आणि तिप्पट झाला तर नऊपट. गाडी थांबवावयाची म्हणजे ही सारी ऊर्जा कोठेतरी घालवावयाची. ती नाहीशी होत नाही; ब्रेकच्या घर्षणाने तिचे उष्णतेत रूपांतर होते.

कोरड्या, चांगल्या रस्त्यावर साधी मोटार जोराने ब्रेक लावल्यास दर सेकंदाला आपला वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर एवढा कमी करू शकते, असे धरा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे १४ मीटर जाऊन थांबेल. ताशी १०० किलोमीटर वेग असेल तर हेच अंतर सुमारे ५५ मीटर होईल. परंतु एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. समोर संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एखादा सेकंद सहज निघून जातो. त्या एका सेकंदात पहिली गाडी १४ मीटर आणि दुसरी २८ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून एकूण अंतर पहिलीस २८ मीटर व दुसरीस ८३ मीटर लागते. क्रिकेटच्या चार खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या तरी हे दुसरे अंतर त्यांत मावणार नाही! पावसाळ्यात रस्ता ओला असला की ते आणखी वाढते.

आता फॉर्म्युला १ ची शर्यतीची गाडी घ्या. तिचे वजन चालकासह सुमारे ८०० किलोग्रॅम आणि वेग ताशी ३०० किलोमीटर धरला, तर तिच्या अंगी सुमारे २८ लाख ज्यूल ऊर्जा असते. एवढ्या उष्णतेने ३० अंश तापमानाचे नऊ लिटरांहून अधिक पाणी उकळीपर्यंत तापविता येईल. घरी हंडाभर पाणी तापावयास किती वेळ लागतो ते आठवा; ही गाडी तेवढी उष्णता अवघ्या काही सेकंदांत बाहेर टाकते. तिच्या ब्रेकच्या तबकड्या कार्बनच्या असतात आणि त्यांचे तापमान १,००० अंश सेल्सियसपर्यंत चढते. त्या वेळी चालकाच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या सुमारे पाचपट जोर पडतो. गाडी थांबविणे हे गाडी पळविण्याइतकेच, किंबहुना त्याहून कठीण काम आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तबकडीचा विजय

या कठीण कामाची कथा १९५३ सालच्या ल मां शर्यतीत फार सुंदर रीतीने दिसून आली. फ्रान्समधील ही शर्यत अखंड चोवीस तास चालते. तेथील एक सरळ टप्पा जवळजवळ सहा किलोमीटरांचा होता. त्यावरून भरवेगाने आलेली गाडी टोकाच्या तीव्र वळणापूर्वी एकदम मंद करावी लागे, आणि तीही दिवसरात्र, प्रत्येक फेरीला.

त्या काळी बहुतेक गाड्यांना ढोलाच्या आकाराचे ब्रेक असत. चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ढोलाच्या आत दोन अर्धवर्तुळाकार पट्टे असतात. ब्रेक दाबताच ते बाहेरच्या अंगास पसरून ढोलाला घासतात. यात अडचण अशी की उष्णता ढोलाच्या पोटात कोंडून राहते. वारंवार ब्रेक लावल्याने ढोल तापून प्रसरण पावतो आणि ब्रेकची पकड ढिली पडते. जॅग्वार या इंग्रज कारखान्याने डनलॉपच्या साहाय्याने निराळी योजना केली. चाकाबरोबर उघड्यावर फिरणारी एक तबकडी बसविली आणि तिला दोहों बाजूंनी चिमट्यासारखे पकडणारे ठोकळे लावले. तबकडी उघडी असल्यामुळे वाऱ्याने लवकर थंड होते. या ब्रेकवर भरवसा ठेवून जॅग्वारचे चालक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उशिरा ब्रेक लावू शकले आणि भरवेगाचा लाभ अधिक अंतरापर्यंत घेऊ शकले. टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन या जोडीने ती शर्यत ताशी सुमारे १७० किलोमीटरांच्या सरासरीने जिंकली. ल मां येथे ताशी १०० मैलांच्या सरासरीची मर्यादा त्या वेळी प्रथमच ओलांडली गेली. ब्रेक सुधारला आणि त्यामुळे सरासरी वेग वाढला, असा हा उलटा वाटणारा परंतु खरा न्याय आहे.

आज आपल्या शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मोटारसायकलींच्या पुढच्या चाकाकडे पाहा. त्यांपैकी अनेकींना भोके पाडलेली एक चकचकीत तबकडी दिसेल. ती ल मां येथे गाजलेल्या त्या तबकडीचीच वंशज. आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. हा जॅग्वार कारखाना २००८ साली टाटा उद्योगसमूहाने विकत घेतला. आणि या समूहाचे मूळ पुरुष जमशेटजी टाटा यांचा जन्म १८३९ साली आपल्या सुरतेच्या शेजारच्या नवसारी गावी झाला होता.

टायरची पुंजी

वळणावरून गाडी वेगाने नेणे ही चालकाच्या कौशल्याची खरी कसोटी होय. मोटारीच्या प्रत्येक टायरचा तळहाताएवढाच भाग कोणत्याही क्षणी जमिनीला टेकलेला असतो. त्या तळहाताएवढ्या रबराजवळ पकडीची ठरावीक पुंजी असते. वेग वाढविणे, वेग कमी करणे आणि वळणे ही तिन्ही कामे याच पुंजीतून भागवावी लागतात. एका कामी सारी पुंजी खर्च केली की दुसऱ्या कामास काहीच उरत नाही. म्हणूनच ऐन वळणावर जोराने ब्रेक दाबणाऱ्याची गाडी वळावयाचे सोडून सरळ घसरत जाते. शर्यतीचा चालक ब्रेकचे बहुतेक काम वळण येण्यापूर्वी, सरळ मार्गावरच उरकतो; मग ब्रेक हलकेच सोडीत वळतो; आणि गाडीचे तोंड सरळ होऊ लागले की मगच वेग वाढवितो. जो वळणात घाईने शिरतो तो बाहेर रखडत पडतो, आणि जो बेताने शिरतो तो भरधाव बाहेर पडतो.

मार्गाची निवडही अशीच विचारपूर्वक करावी लागते. चालक वळणाच्या बाहेरच्या कडेने येतो, मध्यावर आतल्या कडेला स्पर्श करतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेकडे जातो. यामुळे वर्तुळाची त्रिज्या वाढते. टायर व रस्ता यांच्यातील घर्षणाचा गुणांक १ मानला, तर ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी ताशी सुमारे ८० किलोमीटर वेग राखू शकेल आणि १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी सुमारे ११३ किलोमीटर. पकडीची पुंजी वाढविण्याची आणखी एक युक्ती म्हणजे गाडीवर विमानाच्या पंखाची उलटी प्रतिकृती बसविणे. विमानाचा पंख हवेच्या जोरावर विमानाला वर उचलतो. हा उलटा पंख गाडीला खाली दाबून धरतो. गाडीचे वजन फारसे न वाढता टायरची पकड वाढते.

ही विद्या लहान वयातच, गो-कार्ट नावाच्या चिमुकल्या, उघड्या गाडीत बसून शिकावी लागते. आपल्या गुजरातेतील वडोदऱ्याच्या मीरा एरडा हिने लहानपणी गो-कार्टपासूनच आरंभ केला आणि पुढे फॉर्म्युला प्रकारच्या गाड्यांच्या शर्यतींत मुलग्यांच्या बरोबरीने भाग घेतला. कोल्हापूरनजीक मोहित्यांच्या गो-कार्ट पथावर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटनमधील फॉर्म्युला ३ स्पर्धेपर्यंत पोहोचला. मुंबईच्या जेहान दारूवाला याची २०११ साली फोर्स इंडिया संघाच्या शोधमोहिमेतून निवड झाली. ६ डिसेंबर २०२० रोजी बहरीन येथे फॉर्म्युला २ ची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला, आणि २०२२ मध्ये इटलीतील मोंझा येथेही त्याने विजय मिळविला.

चौदा गाड्या परत फिरल्या

फॉर्म्युला १ मध्ये शर्यत खेळणारा पहिला भारतीय चालक म्हणजे कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन. २००५ साली तो जॉर्डन संघातून उतरला. त्याच वर्षी १९ जून रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे त्याने चौथा क्रमांक पटकावून भारताच्या नावावर प्रथमच ५ गुण मिळविले. परंतु तो दिवस जगाच्या स्मरणात राहिला तो दुसऱ्याच कारणाने.

त्या पथाच्या तेराव्या वळणावर रस्ता एका बाजूने उंचावलेला होता आणि तेथून गाड्या भरवेगाने जात. सरावाच्या दिवशी तेथे मिशलँ कंपनीचा टायर निकामी होऊन राल्फ शूमाकर याची गाडी भिंतीवर आदळली. कंपनीने तपास केला आणि आपले टायर या वळणावर पूर्ण शर्यतभर टिकतील याची हमी देता येत नाही, असे आपल्या संघांना स्पष्ट सांगितले. तेराव्या वळणाआधी वेग कमी करणारा अडथळा बांधावा ही सूचना नियामक संस्थेने मान्य केली नाही. अखेर शर्यतीच्या दिवशी वीसच्या वीस गाड्या पथावर आल्या, प्रारंभापूर्वीची एक फेरी त्यांनी घेतली, आणि मिशलँचे टायर असलेल्या सात संघांच्या १४ गाड्या मुकाट्याने परत फिरल्या. ब्रिजस्टोनचे टायर असलेल्या उरलेल्या सहा गाड्यांचीच शर्यत झाली. कार्तिकेयनची गाडी त्यांतील एक होती.

पैसे मोजून आलेले हजारो प्रेक्षक संतापले. त्यांचा संताप अयोग्य होता असे म्हणता येणार नाही, आणि हा प्रसंग कोणाच्या दोषाने ओढवला याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. कार्तिकेयनच्या यशातही काही उणे येत नाही. जी गाडी त्याच्या हाती होती ती त्याने अखेरपर्यंत बिनचूक चालविली. तथापि विचार करा. जगातील निवडक, अत्यंत धाडसी असे चौदा चालक. लाखो डोळे त्यांच्याकडे लागलेले. पायाखाली वेगाची कळ तयार. आणि ‘हा टायर टिकेल असा भरवसा नाही’ एवढ्या एका वाक्यासाठी सारे परत फिरतात. हूल देणाऱ्या गर्दीसमोर परत फिरावयास जे धैर्य लागते ते पुढे जाणाऱ्याच्या धैर्याहून कमी प्रतीचे म्हणता येईल काय?

विरामातून शक्ती

ब्रेक लावल्यावर ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते असे वर सांगितले. परंतु आता ही वाया जाणारी ऊर्जाही साठविण्याची विद्या माणसाला साध्य झाली आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये बीजिंग येथे विजेवर चालणाऱ्या गाड्यांची ‘फॉर्म्युला ई’ ही स्पर्धा सुरू झाली. मुंबईच्या महिंद्र उद्योगसमूहाचा संघ या स्पर्धेच्या संस्थापक संघांपैकी एक आहे. पहिल्याच शर्यतीत त्याच्या गाडीतून चेन्नईचा करुण चंढोक पाचवा आला, आणि जून २०१७ मध्ये बर्लिन येथे स्वीडनच्या फेलिक्स रोझेनक्विस्टने या संघाला पहिला विजय मिळवून दिला.

विजेच्या मोटरला वीज दिली की ती चाक फिरविते. उलट चाकाने मोटरला फिरविले की तीच मोटर जनित्र होऊन वीज उत्पन्न करते. चालक गाडी मंद करू लागला की हे जनित्र चाकाच्या गतीला विरोध करते, गाडी मंदावते, आणि निर्माण झालेली वीज बॅटरीत परत जाते. २०२३ पासून धावू लागलेल्या या स्पर्धेच्या तिसऱ्या पिढीच्या गाड्यांत शर्यतीत खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्के ऊर्जा अशा रीतीने परत मिळविता येते. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादला हुसेनसागराच्या काठी ही स्पर्धा झाली. फ्रान्सच्या जाँ-एरिक व्हेर्न याने ती जिंकली. अखेरच्या फेऱ्यांत पाठलाग करणाऱ्या निक कॅसिडीपेक्षा व्हेर्नच्या बॅटरीत शिल्लक कमी होती. तरीही हिशेबाने वीज वापरीत त्याने आघाडी राखली. आपल्या शहरात धावणाऱ्या विजेच्या बसगाड्या आणि मुंबईच्या लोकलगाड्या याच तत्त्वाने, थांबता थांबता वीज परत मिळवितात. थांबणे म्हणजे केवळ गमावणे नव्हे, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते?

आपला रस्ता आणि आपण

शर्यतीच्या जगाने सुरक्षिततेचा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. १९५५ साली ल मां येथे एक मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. १९९४ साली इमोला येथे लागोपाठच्या दोन दिवशी रोलांड राट्झेनबर्गर आणि आयर्टन सेना हे दोन चालक गेले. प्रत्येक अपघातानंतर कारणे शोधली गेली, नियम बदलले, गाड्या बदलल्या. चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियम धातूची कमान बसविणे २०१८ पासून फॉर्म्युला १ मध्ये सक्तीचे झाले. तिच्यावर ‘कुरूप’ म्हणून टीका करणारे थोडे नव्हते. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीन येथे रोमँ ग्रोझाँ याची गाडी कठड्यावर आदळून दुभंगली व पेटली. त्या आगीतून सुमारे २८ सेकंदांनी तो आपल्या पायांनी बाहेर आला. हातांवर भाजल्याच्या जखमा होत्या, परंतु डोके शाबूत होते, आणि त्याचे श्रेय त्या कमानीलाच होते.

आता आपल्या रस्त्यांकडे पाहा. तेथे कठडे नाहीत, वैद्यकीय पथक सज्ज नाही. समोरून येणारा मनुष्य काय करील याचा नेम नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदरात मोडतात. आणि शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, न घातलेल्या मृतांची संख्या ५०,००० हून अधिक आहे. हे आकडे वाचून पुढे जाण्याचे नाहीत. त्यांतला प्रत्येक आकडा म्हणजे कोणा घरातील जेवणाच्या पंगतीत रिकामे राहिलेले एक पान आहे.

शिकवणीला उशीर होतो म्हणून, किंवा मित्राने डिवचले म्हणून, वयात न आलेली मुले दुचाकी भरधाव सोडताना दिसतात. आपल्या कायद्याने १६ वर्षांनंतर केवळ ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो. इतर वाहनांसाठी १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत लावणे हा तर स्वतंत्र गुन्हाच आहे. हा कायदा पालकांनीही वाचावा. किल्ली मुलाच्या हाती देणारा हात घरातील वडील माणसाचाच असतो.

परंतु दंडाच्या भीतीपेक्षा समज अधिक मोलाची. वेगाची हौस ज्याला आहे त्याने ती अवश्य पुरवावी. मात्र तिच्यासाठी पथ आहे, गुरू आहेत, नियम आहेत. गो-कार्टमध्ये बसावे, इंजिनाचे शास्त्र शिकावे, गणितात मन घालावे. शर्यतीची मोटार बांधणारे अभियंते आणि टायरची परीक्षा करणारे रसायनशास्त्रज्ञ हेही त्या विजयाचे वाटेकरीच असतात. आजच्या नववी-दहावीच्या वर्गातून उद्या असे कोणी का निघू नये?

आपल्या सुरतेत पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरची मंडळी लूमवर काम करतात. त्यांना विचारा, चांगली लूम कशाला म्हणावी? केवळ वेगाने विणते तिला ते चांगली म्हणणार नाहीत. एखादा धागा तुटताच जी क्षणात आपोआप थांबते, ती चांगली. न थांबता विणत राहिलेली लूम वारच्या वार कापड खराब करून ठेवते. कठोपनिषदात शरीराला रथ, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम म्हटले आहे. रथाचे वर्णन करताना त्या ऋषींना लगामाचा विसर पडला नाही. मोटार बांधणाऱ्या अभियंत्यालाही ब्रेकचा विसर पडून चालत नाही. मग ज्याच्या हाती गाडी आहे, त्याने तरी तो का पडू द्यावा?